बीला खाली कुठं, हे कसं कळतं?

आजचा विषय आमच्या स्वयंपाकघरातूनच आला. बिरड्यासाठी वाल भिजवले होते. फडकं सोडलं, तर मोड कसेही, चहूकडे वळलेले. लेकीनं विचारलं, "आई, मग मातीत मुळं बरोबर खालीच कशी जातात?" मी फोडणी करता करता सांगून टाकलं, "पाणी खाली असतं ना, म्हणून." तर म्हणते, "पाऊस तर वरून पडतो!"

झालं. म्हटलं, करूनच बघू.

जॅमची रिकामी काचेची बरणी घ्या. टिश्यू पेपर ओला करून आत दाबून भरा आणि काच व कागद यांच्यामध्ये रात्रभर भिजवलेले चार-पाच वाल अडकवा. एक आडवा, एक उभा, एक उलटा. आमची पहिली बरणी वायाच गेली. पाणी जास्त झालं, वाल कुजले, आणि वास तर विचारू नका! म्हणून कागद घट्ट पिळून घ्या. शिवाय तळाशी पाणी साचलं, तर माझं 'पाण्याकडे जातात' हे उत्तर तपासलं कसं जाणार? ओल सगळीकडे सारखी हवी. बरणी कपाटात अंधारात ठेवायची, कारण कोंब उजेडाकडेही वळतात. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा द्या.

वाल कसाही ठेवलेला असो, सगळ्यांची मुळं खालीच निघाली. मग बरणी आडवी केली आणि स्केचपेननं काचेवर मुळाच्या टोकाशी खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर मुळाचं टोक खाली वळलेलं! जुना भाग मात्र होता तसाच. वळतो तो फक्त वाढणारा भाग. पुढे कोंब आले, ते वर गेले. म्हणजे माझं उत्तर चुकलं होतं.

मुळाच्या टोकावर टोपीसारखं आवरण असतं. तिथल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते काही मिनिटांतच पेशीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात. त्यावरून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमतं. गंमत अशी, की मुळात ते वाढ रोखतं आणि कोंबात वाढवतं. त्यामुळे मुळाची वरची बाजू जास्त वाढते आणि ते खाली झुकतं. कोंबाचं नेमकं उलट. चार्ल्स डार्विननं मुलगा फ्रान्सिसच्या मदतीनं मुळांची टोकं कापून बघितली होती. टोक नसलेली मुळं वळेनात. 1880 सालच्या त्याच्या पुस्तकात हे आलंय.

पण हे गुरुत्वाकर्षणच कशावरून? इंग्लंडमध्ये थॉमस नाईटनं 1806 मध्ये बागेतल्या ओढ्यावर चाक बसवून त्यावर बिया बांधल्या. चाक सतत जोरात फिरत राहिलं. मुळं बाहेरच्या दिशेनं वाढली, कोंब चाकाच्या मध्याकडे! जमिनीची दिशा त्यांना उरलीच नव्हती.

हे ऐकल्यापासून लेक दर दोन तासांनी बरणी फिरवतेय. रात्री कोण उठणार, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.