बंद शाळा उघडताना

मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या महाराष्ट्रातल्या शाळा, मधले थोडे दिवस सोडले तर, 4 ऑक्टोबर 2021 ला उघडल्या. ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. दारात थर्मल गन आणि सॅनिटायझर आले. पण ताप नसलेलं मूलही विषाणू पसरवू शकतं, त्यामुळे खरी काळजी दाराच्या आत, वर्गात घ्यायला हवी होती.

कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो. चाळीस मुलं एका सुरात पाढे म्हणतात तेव्हा तोंडातून निघालेले सूक्ष्म थेंब कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. पंखा तीच हवा फिरवतो, बाहेर काढत नाही. म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. अनेकदा अडचण साधीच असते: कडी गंजलेली असते, नाहीतर खिडकीला लागून जुने बाक रचलेले असतात. ते आधी हलवावेत. हवा खेळते की नाही हे कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर कळतं. मोकळ्या हवेत तो दहा लाखांत सुमारे 420 भाग असतो. वर्गात आकडा 800 च्या वर राहत असेल तर हवा पुरेशी बदलत नाही. मीटर नसेल तर पाढे आणि कविता सरळ मैदानात घ्याव्यात.

पाण्याकडे मात्र फारच कमी लक्ष जातं, याचं मला वाईट वाटतं. महिनोन्‌महिने पाणी साचलेल्या टाकीत तळाशी गाळ बसतो, क्लोरीन उडून गेलेलं असतं. टाकी रिकामी करून घासावी, नळ सोडून पाइपातलं जुनं पाणी वाहू द्यावं, मग नव्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नीट मोजून, कालवून टाकावी. अर्ध्या तासाने, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी ओटी चाचणी करावी. नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो तक्त्याशी ताडून पाहायचा. रंगच आला नाही तर ते पाणी मुलांना देऊ नये.

साथीच्या काळात नेहमीच्या लसीही राहून गेल्या. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं बरीच होती. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस तर शाळेतच दिली जाते. शाळा बंद, म्हणजे तीही चुकण्याची भीती.

पालकांनी मुलांचं लसीकरण कार्ड एकदा काढून पाहावं. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विचारावं: टाकी कधी धुतली, आणि ओटी चाचणी कोण करतं?