बाण तटापार (लेखांक नववा)

पुण्यातल्या स्टुडिओंबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण मध्येच वेल्ह्याकडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि मी त्यातच गुंतलो. हे गृहस्थ सहा वर्षं जावामध्ये विम्याचं सॉफ्टवेअर लिहितायत. शुक्रवारी रात्री गावी येतात आणि दोन दिवस युनिटीत गेम करत बसतात. विचारतात, "घरच्या मशीनवर माझा मावळा नीट चालतो, मित्राच्या मशीनवर दुप्पट वेगानं पळतो. कोड तोच. चुकलं कुठे? आणि युनिटी चालू ठेवू की अनरियल धरू?"

दुसऱ्या प्रश्नात फार वेळ घालवत नाही. जावावाल्याला सी शार्प परकं वाटत नाही, तेव्हा युनिटीच चालू द्या. अनरियलला सी प्लस प्लस लागतं, ते सवडीनं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये आणलेला 'राजी' अनरियलवर केलेला आहे, म्हणून तेच थोर असं समजणारी पोरं मला भेटतात. इंजिन बदलून मावळा पळायचा थांबणार नाही.

पळण्याचं कारण समजायला भोरच्या स्टँडवर जाऊन उभं राहावं. वडाप भरल्याशिवाय हलत नाही. एसटी वेळ झाली की सुटते (निदान वेळापत्रकात तरी), मग आत चार माणसं असोत की चाळीस. विम्याचं सॉफ्टवेअर हे वडाप आहे. कुणी बटण दाबलं, अर्ज आला, की ते हलणार. तोवर ड्रायव्हर चहा पीत बसलेला. उत्तराला अर्धा सेकंद जास्त लागला तरी कुणी ओरडत नाही. गेम म्हणजे एसटी. खेळणाऱ्यानं काही करो न करो, सेकंदाला साठ फेऱ्या व्हायलाच हव्यात. एका फेरीला, म्हणजे एका फ्रेमला, मिळतात १६.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात बटणं बघायची, सगळ्यांना हलवायचं, कोण कुणाला धडकलं ते तपासायचं आणि चित्रही काढायचं. एक फेरी चुकली तरी पडद्यावर हिसका बसतो. वर्षानुवर्षं वडाप चालवलेल्या माणसाला ही सवय लागायला महिने जातात. मला तर वर्ष लागलं.

आमच्या वाचकांनी लिहिलंय, 'प्रत्येक फ्रेमला ५ सेंटिमीटर पुढे जा'. घरी ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३ मीटर. मित्राकडे १२० फ्रेम, म्हणजे ६ मीटर. मावळ्याचा दोष नाही. वेग सेकंदात सांगायचा आणि मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्यानं गुणायचा. युनिटीत त्याला डेल्टा टाइम म्हणतात.

ही चूक तशी जुन्या घराण्यातली आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर टर्बो नावाचं बटण असायचं, आठवतं? ते मशीनचा वेग कमी करायला होतं, कारण मंद मशीन धरून लिहिलेले गेम वेगवान मशीनवर खेळण्यापलीकडे पळायचे. आणि १९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स' तर या चुकीवरच उभा आहे. शत्रू मरत जातात तशी काढायची चित्रं कमी होतात, बिचाऱ्या मशीनचा भार हलका होतो आणि उरलेले शत्रू आपोआप वेग घेतात. निशिकादो या त्याच्या कर्त्यानं ते दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं. शेवटचा एकटा शत्रू सुसाट सुटतो तेव्हा खेळणाऱ्याच्या छातीत जी धडधड होते, ती त्या दुबळ्या मशीनची देणगी.

पण डेल्टा टाइमनं गुणलं की सुटलो, असं वाटून घेऊ नका. मी घेतलं होतं. मी राजगडाचा गेम करत होतो. गुंजवण्याकडून चोर दरवाज्यानं चढायचं आणि पुढे संजीवनी माचीवर चकमक. खरी माची दुहेरी तटाची. मी कंटाळा करून एकेरी तट घातला, २ मीटर जाडीचा. बाणाचा वेग सेकंदाला ६० मीटर. माझ्या मशीनवर सगळं झकास. दिवाळीत भाचा आला, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर खेळायला बसला आणि दहा मिनिटांत म्हणाला, "मामा, तुझ्या गडाला भोकं आहेत." तीनातला एखादा बाण तटाच्या आरपार जात होता. २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या गडाची माझ्या हातून ही दशा!

रात्री कागदावर मांडलं. माझ्याकडे ६० फ्रेम, म्हणजे बाण एका फ्रेमला १ मीटर सरकणार. २ मीटरच्या तटात तो कुठे ना कुठे सापडणारच. त्याच्या लॅपटॉपवर २० फ्रेम, एका उडीत ३ मीटर. कधी बाण या फ्रेमला तटाच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे. तटाच्या आत तो कधी नव्हताच, मग धडक कुणाला दिसणार? उडी तीनची, तट दोनचा, तेव्हा तीनात एक सुटणार. पोराचा अंदाज गणिताइतका बरोबर होता.

यावर युनिटीत एक तोडगा तयार आहे: धडकांचा हिशोब चित्राच्या फ्रेमपासून तोडून ठरावीक पावलांनी करायचा. पाऊल मुळात ०.०२ सेकंदाचं असतं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, लॅपटॉप कितीही मंद असो. बाणाचं पाऊल १.२ मीटर झालं, तट वाचला. पण मग दरवाज्याच्या १० सेंटिमीटरच्या फळीतून बाण जायला लागले! खरा उपाय वेगळा आहे. बाण आत्ता कुठे आहे हे न विचारता, मघाच्या जागेपासून आत्ताच्या जागेपर्यंत रेघ ओढायची आणि ती कशाला छेदते ते पाहायचं. युनिटीत 'कंटिन्युअस' हा पर्याय निवडला तर इंजिनच हे काम करतं. मात्र हातानं एकदा केल्याशिवाय तो निवडू नये, असं माझं हट्टी मत आहे. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांचं 'गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स' इंटरनेटवर फुकट वाचायला आहे. त्यातलं गेम लूपचं प्रकरण आधी वाचा, बाकीची नंतर.

तेव्हा वेल्ह्याच्या वाचकांनी आणि इतरांनीही येत्या रविवारी एवढं करावं: इंजिन बाजूला ठेवायचं, जावातच एक चेंडू आणि दोन भिंती लिहायच्या, आणि तोच कोड २०, ६० आणि १४४ फ्रेमला चालवून पाहायचा. चेंडू भिंतीतून गेला तर किती वेळा गेला ते मोजून कळवा. स्टुडिओ पुढच्या खेपेला, नक्की.