गॉर्मेनगास्टचा चित्रकार

‘गॉर्मेनगास्ट’ हा एक अजस्र, पडझडीला लागलेला काल्पनिक किल्ला. त्यात जादू नाही, राक्षस नाहीत, चेटकिणी नाहीत. आहेत ती फक्त अर्थ हरवलेली कर्मकांडे आणि ती निमूटपणे पाळणारी माणसे. तरीही इंग्रजीतील अद्भुतरम्य साहित्याची चर्चा या किल्ल्यावाचून पूर्ण होत नाही. तो उभारणारे मर्व्हिन पीक मूळचे चित्रकार होते, आणि त्यांचे गद्य वाचताना हे पानोपानी जाणवते.

पीक यांचा जन्म १९११ मध्ये चीनमधील कुलिंग या थंड हवेच्या ठिकाणी झाला. वडील मिशनरी डॉक्टर. बालपण तिएन्त्सिनमधील मिशनच्या आवारात गेले. भिंतीच्या आत इंग्रजी रीतिरिवाज आणि बाहेर चीन, या अनुभवात अनेक समीक्षकांना गॉर्मेनगास्टचे बीज दिसते. लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाल्यावर छावणीतच ‘टायटस ग्रोन’ ही पहिली कादंबरी आकाराला आली; ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘अ‍ॅलिस’ आणि ‘ट्रेझर आयलंड’साठी त्यांनी काढलेली चित्रेही याच दशकातली.

१९४५ च्या उन्हाळ्यात मात्र एका नियतकालिकाने त्यांना जर्मनीत पाठविले. नुकत्याच मुक्त झालेल्या बेर्गन-बेल्सन छळछावणीत त्यांनी क्षयाने मरणपंथाला लागलेल्या एका मुलीचे रेखाटन केले. तिच्या यातनांकडे आपण चित्राचा विषय म्हणून पाहू शकलो, हा सल त्यांनी पुढे कवितेत मांडला. युद्धचित्रकाराच्या कामातील नैतिक पेच इतक्या निर्दयपणे स्वतःलाच विचारणारे कलावंत थोडेच.

‘गॉर्मेनगास्ट’ ही दुसरी कादंबरी १९५० ची. तिला पुरस्कार लाभला, पैसा फारसा नाही. १९५७ मध्ये त्यांचे नाटक रंगभूमीवर कोसळले. तोवर हातांना कंप सुटू लागला होता, आणि ज्यांची सारी मिळकत हातांवर त्यांना याहून क्रूर आजार कोणता? १९५९ चा ‘टायटस अलोन’ हा तिसरा भाग त्यांनी ढासळत्या प्रकृतीतच पुरा केला. पत्नी मेव्ह गिल्मोर, ज्या स्वतः चित्रकार होत्या, अखेरपर्यंत सोबत राहिल्या. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी पीक यांचे निधन झाले.

कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला तो त्यानंतर. लँग्डन जोन्स यांनी हस्तलिखितांवरून सुधारलेला ‘टायटस अलोन’ १९७० मध्ये आला. २०१० मध्ये ब्रिटिश लायब्ररीने पीक यांचा संग्रह विकत घेतला. त्यात गॉर्मेनगास्टच्या ३९ वह्या आहेत. मजकुराच्या अधूनमधून त्यांत पात्रांची रेखाटने काढलेली दिसतात.