परत जा, पण कोठे?

आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून आपले वाडवडील या बेटावर आले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. आज आम्ही वाचकांना दुसऱ्या एका प्रवासाची हकीकत सांगणार आहोत. ती माणसे उलट दिशेने निघाली होती.

१८१६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन शहरात 'अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. दास्यातून सुटलेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवावे, हा तिचा हेतू. अध्यक्ष कोण, तर जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे बुशरॉड. आणि ते स्वतः गुलाम बाळगणारे! संस्थेतील काही धर्मशील माणसांना खरोखरच कळवळा होता. पण गुलामांच्या मालकांना मोकळे काळे लोक डोळ्यांसमोर नको होते, हेही तितकेच खरे.

ज्यांना पाठवायचे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार काळे लोक जमले. जहाजांची शिडे शिवण्याचा मोठा कारखाना चालवणारे जेम्स फोर्टन अध्यक्षस्थानी होते. त्यांचे स्वतःचे मन या योजनेकडे थोडे झुकलेले होते. पण सभेत जाण्याच्या बाजूने एकही आवाज निघाला नाही. ही भूमी आमच्या पूर्वजांनी कसली, आणि दास्यात राहिलेल्या भावांना सोडून आम्ही जाणार नाही, असा ठराव झाला. फोर्टननीही पुढे आपल्या लोकांचेच मत उचलून धरले.

तरी १८२० मध्ये 'एलिझाबेथ' जहाज न्यूयॉर्कहून निघाले. शेरब्रो बेटावर तापाने पुष्कळजण दगावले. (मलेरियाने १८६७ मध्ये मॉरिशसची काय दशा केली, ते आपण जाणतोच.) १८२१ मध्ये केप मेसुराडोची जागा स्थानिक राजांकडून घेतली गेली, बोलणी अडली तेव्हा नौदलाचे स्टॉकटन यांनी पिस्तूल काढले, असे सांगतात. १८२४ मध्ये त्या वसाहतीला लायबेरिया हे नाव मिळाले. १८२० ते १८४३ पर्यंत ४,५७१ माणसे तेथे उतरली. त्यांतली १८४३ मध्ये १,८१९ उरली होती. हा आकडा आम्ही दोनदा वाचला.

२६ जुलै १८४७ रोजी लायबेरिया स्वतंत्र झाला. राजमुद्रेवर किनाऱ्याकडे येणारे जहाज आहे, आणि स्वातंत्र्याच्या ओढीने आम्हाला येथे आणले, अशा अर्थाचे शब्द आहेत. पण जे कोठूनच आले नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत होते, त्यांचे काय? त्यांना नागरिक मानायला १९०४ साल उजाडले.

आणि फोर्टन? ते १८४२ मध्ये फिलाडेल्फियातच वारले, जेथे जन्मले होते तेथेच. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक होते. त्यांत गोरेही पुष्कळ होते.