मेंदूज्वर बरा झाला, पण शाळेचे काय?

"डॉक्टर, याच्या डोक्यात काही शिरतच नाही. गुरुजी म्हणतात, वर्गात लक्ष नसतं. यंदा नाव काढून घेतो आणि शेळ्यांमागं पाठवतो." चौथीतल्या मुलाला पुढे करून एक शेतकरी मला सांगत होते. लहानपणी काही मोठे दुखणे झाले होते का, असे विचारल्यावर आई म्हणाली, "आठ महिन्यांचा असताना ताप डोक्यात गेला होता. झटके आले. पंधरा दिवस दवाखान्यात होतो. पण देवाच्या कृपेनं पार बरा झाला."

त्या तापाचा आणि चौथीतल्या पाढ्यांचा काही संबंध असेल, हे दोघांच्याही मनात आले नव्हते. दवाखान्यातून निघताना कोणी तसे सांगितलेही नव्हते. मूल हसतखेळत घरी गेले की आपण सारेच सुटकेचा श्वास टाकतो.

जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते, तो हा मेंदूज्वर. तान्ह्या मुलात ताप, उलट्या, झटके, दूध न ओढणे, टाळू फुगणे अशी लक्षणे दिसतात. निदानासाठी पाठीतले पाणी तपासावे लागते. पाणी काढल्यामुळे मूल अधू होते, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. अधूपणा येतो तो आजारामुळे, आणि पाणी काढू न दिल्याने उपचाराला उशीर झाला तर तो वाढतो.

मात्र काही दोष लगेच दिसत नाहीत. वर्षाच्या मुलाला कोणी बेरीज विचारत नाही. एका जागी बसणे, सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवून तिसरी करणे, फळ्यावरचे वाचून उतरवणे, ही कामे मेंदूला पुढे करायची असतात. त्यामुळे उणीव उघडी पडते ती शाळेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८५ ते १९८७ या काळात तान्हेपणी मेंदूज्वर झालेल्या मुलांचा माग ती मोठी होईपर्यंत ठेवण्यात आला. त्यांच्या शालान्त परीक्षेचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकाही विषयात उत्तीर्ण झाला नव्हता. आजार न झालेल्या मुलांत हे प्रमाण शंभरात सातच्या आसपास होते. आकडा वाचून घाबरू नये. तीनचतुर्थांश मुले काही ना काही मिळवून बाहेर पडली, हेही त्याच आकड्यात आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो कान. मेंदूज्वरात आतल्या कानाला इजा होऊ शकते, कधी एकाच बाजूला. घरी आपण टाळी वाजवून बघतो, मूल वळते, आपले समाधान होते. पण टाळी ऐकू येणे वेगळे आणि पंख्याच्या घरघरीत, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींचा 'स' की 'श' हे ओळखणे वेगळे. वर उल्लेख केलेल्या मुलाचा डावा कान जवळजवळ निकामी निघाला, उजवाही कमी होता. श्रवणयंत्र बसले, पुढच्या बाकावर जागा मिळाली. गणित आजही कच्चेच आहे, पण तो सातवीत आहे आणि शाळेत जातो.

हीच तपासणी आठव्या महिन्यात व्हायला हवी होती. काही मुलांच्या आतल्या कानात आजारानंतर थोड्याच आठवड्यांत हाड भरू लागते आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. म्हणून दवाखान्यातून सुटी होण्यापूर्वी, नाहीतर चार आठवड्यांच्या आत, 'बेरा' तपासणी करून घ्यावी. ती मूल झोपेत असताना होते, दुखत नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. पथक आले की जुना आजार आपणहून सांगा. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. तसे प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी नववी संपेपर्यंत थांबू नका.

लसीकडेही लक्ष असू द्या. मेंदूज्वर करणाऱ्या हिब जंतूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात. न्यूमोकोकसविरुद्धची लस २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आली. तिचे डोस दीड आणि साडेतीन महिन्यांना, नंतर नवव्या महिन्यात. दोन्ही आरोग्य केंद्रात मोफत आहेत.

आणि ज्यांच्या घरी हा आजार होऊन गेला आहे त्यांनी दवाखान्याचा सुटीचा कागद जपून ठेवावा. पहिलीत नाव घालताना तो वर्गशिक्षकांना दाखवावा.