केंद्रोत्सारी यंत्राचा रोटर : तपासणी आणि निगा

रक्तातील पेशी व रक्तद्रव वेगळे करावयाचे असोत, लघवीतील साका तपासावयाचा असो किंवा गर्बर पद्धतीने दुधातील स्निग्धांश मोजावयाचा असो, या कामी केंद्रोत्सारी यंत्र म्हणजेच सेंट्रिफ्यूज वापरले जाते. रुग्णालये, महाविद्यालये व दुग्धशाळा यांच्या प्रयोगशाळांत ते आढळते. यंत्रातील नळ्या धारण करून वेगाने फिरणारा भाग म्हणजे रोटर होय. यंत्राचे सामर्थ्य आणि त्याचा धोका, दोन्ही या भागात एकवटलेले असतात.

दि. १६ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने अतिवेगवान यंत्रात फिरत असताना ॲल्युमिनियमचा रोटर फुटला. पूर्वी अनेकदा याच कामासाठी तो वापरलेला होता. संरक्षक कवच भेदून धातूचे तुकडे बाहेर उडाले, भिंतींना व छताला भोके पडली आणि खोलीच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्या वेळी खोलीत कोणी नव्हते, म्हणूनच मनुष्यहानी टळली.

रोटर का फुटतो ?

अक्षापासून १० सेंटिमीटर अंतरावरील वस्तू मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरू लागली की तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट बल येते. म्हणजे समोरासमोरील नळ्यांत एक ग्रॅमचा फरक राहिला, तर तो जवळजवळ एक किलोग्रॅमच्या ओढीइतका ठरतो. वेग दुप्पट केल्यास हे बल चौपट होते.

प्रत्येक वेळी यंत्र फिरताना धातू किंचित ताणला जातो व थांबल्यावर पूर्ववत होतो. हजारो वेळा असे घडल्यावर धातूला थकवा येतो. त्यातच सांडलेले क्षार, आम्ल किंवा अल्कली यांनी पृष्ठभागावर खळगे पाडले, तर ताण तेथेच एकवटतो आणि तडा जाण्यास आरंभ होतो. निर्जंतुकीकरणासाठी सर्रास वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ॲल्युमिनियमला अपायकारक आहे. अशा रोटरसाठी सामान्यतः ७० टक्के अल्कोहोल वापरणे इष्ट होय. तथापि उत्पादकाची सूचना अंतिम मानावी.

घ्यावयाची दक्षता

१. समोरासमोरील नळ्या तराजूवर तोलून ठेवाव्यात. केवळ द्रवाची पातळी समान असणे पुरेसे नाही. झुलत्या पात्रांच्या रोटरमध्ये रिकामी पात्रेही जागेवर असली पाहिजेत.

२. उत्पादकाने ठरविलेला कमाल वेग ओलांडू नये. दाट द्रवासाठी तो आणखी कमी करावा.

३. कामानंतर रोटर सौम्य साबणाने व मऊ ब्रशने धुवावा, स्वच्छ पाण्याने खळाळावा आणि पालथा ठेवून पूर्ण वाळवावा. तारेचा ब्रश वापरू नये.

४. नळ्यांच्या खाचांचा तळ उजेडात पाहावा. खळगा, ओरखडा, रंग उडालेली जागा किंवा तडा दिसल्यास रोटर तत्काळ बाजूला काढावा व तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

५. झाकणाची रबरी कडी भेगाळलेली असल्यास बदलावी.

६. यंत्र हाताने थांबवू नये. आत नळी फुटल्याची शंका आल्यास यंत्र बंद करून सुमारे ३० मिनिटे झाकण उघडू नये, म्हणजे हवेत पसरलेले रोगजंतूयुक्त सूक्ष्म थेंब खाली बसतात.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येक रोटरसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत क्रमांक, खरेदीचे वर्ष, प्रत्येक वापराची तारीख, वेग व कालावधी लिहावा. उत्पादकाने ठरविलेली फेरवापराची मर्यादा किंवा वर्षे संपली की रोटर वरकरणी निर्दोष दिसला तरी तो वापरातून काढणे आवश्यक असते.

येथेच अधिकाऱ्यांची जबाबदारी सुरू होते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत 'सुस्थितीत' म्हणून नोंदलेला रोटर प्रत्यक्षात आयुष्य संपलेला असू शकतो. निर्लेखनाचा प्रस्ताव प्रलंबित राहिला तरी प्रयोगशाळेतील काम थांबत नाही, आणि मग तोच रोटर पुन्हा फिरविला जातो. तेव्हा वार्षिक तपासणीत यंत्र चालू आहे एवढेच न पाहता रोटरची नोंदवही मागून पाहावी, आणि मुदत संपलेल्या रोटरचे निर्लेखन व नव्याची तरतूद वेळीच करावी. यंत्राजवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाची व विद्यार्थ्याची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे.