कोर्टाची पायरी (लेखांक ६) : वॉटरगेटचा दिवाणी दावा

फौजदारी खटल्याच्या नाड्या सरकारच्या हातात असतात, हे मागच्या लेखांकात पाहिलं. संशय सरकारवरच असेल तर? वॉशिंग्टनमध्ये १९७२ साली विरोधकांनी याचं उत्तर तीन दिवसांत शोधलं.

१७ जूनच्या पहाटे वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच जण पकडले गेले. त्यांतला जेम्स मॅकॉर्ड राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पुनर्निवडणूक समितीची सुरक्षाव्यवस्था पाहत होता. व्हाइट हाउसने ही किरकोळ चोरी म्हणून झटकून टाकली. २० जूनला पक्षाध्यक्ष लॅरी ओब्रायन यांनी समितीवर दहा लाख डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला.

भरपाईपेक्षा मोलाचा होता तो प्रश्न विचारण्याचा अधिकार. अमेरिकेत दिवाणी दावा दाखल झाला, की सुनावणीच्या आधीच वादीचे वकील समोरच्या माणसांच्या जबान्या घेऊ शकतात, कागदपत्रं मागवू शकतात. टेबलाभोवती दोन्हीकडचे वकील, साक्षीदार आणि शब्दन्‌शब्द उतरवून घेणारा लघुलेखक. न्यायाधीश सहसा नसतातच. पत्रकार परिषदेतून उठून जाता येतं, इथून नाही. शिवाय शपथेवर जाणूनबुजून खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा. माजी ॲटर्नी जनरल आणि निक्सन यांचे प्रचारप्रमुख राहिलेले जॉन मिचेल यांनाही अशी जबानी द्यावी लागली. या दाव्यामागे ओब्रायन यांचं राजकारण होतंच. त्याने प्रश्नांचं वजन कमी होत नाही.

पण न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी जबान्या मोहरबंद केल्या आणि पुढे फौजदारी खटला संपेपर्यंत दावाच थांबवला. आरोपींना न्याय्य सुनावणी मिळावी, हे कारण खरं होतं. तरीही मतदाराला पूर्ण अंधारात ठेवणं मला पटत नाही. नोव्हेंबरमध्ये निक्सन ४९ राज्यं जिंकले.

तरी दाव्याचा धाक होता. १५ सप्टेंबरच्या व्हाइट हाउसच्या ध्वनिफितीत निक्सन आणि त्यांचे वकील जॉन डीन या दिवाणी दाव्यांचीच चर्चा करताना ऐकू येतात.

दुसरा घाव ‘कॉमन कॉज’ या नागरिक संघटनेचा. ७ एप्रिल १९७२ पासून देणगीदारांची नावं जाहीर करणं बंधनकारक झालं होतं. त्याआधी घाईने गोळा केलेल्या पैशांचा हिशेब समिती देत नव्हती. संघटना त्यासाठी कोर्टात गेली. काही नावं निवडणुकीआधी बाहेर आली, उरलेली १९७३ मध्ये. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांच्याकडची गुप्त यादीही उघड झाली. कंपन्यांनी निवडणुकीसाठी पैसे देणं बेकायदा असताना ते दिल्याचं उजेडात आलं आणि मोठमोठ्या कंपन्यांवर खटले झाले.

ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन पायउतार झाले. त्याच महिन्यात ओब्रायन यांच्या दाव्यात तडजोड झाली : समितीने ७,७५,००० डॉलर मोजले.

पुढच्या लेखांकात मुंबई उच्च न्यायालय, १२ जानेवारी १९८२ : मुख्यमंत्री अंतुले आणि सिमेंटचं वाटप.